पाटी असलेली खाट

"हितं नगं, सिस्टर. खाली जमिनीवर निजवा हिला." तापानं फणफणलेल्या लेकीला कवटाळून आई खाटेपासून मागं सरली. भिंतीवरची पितळी पाटी तिनं अक्षर अक्षर जुळवत वाचली होती: कै. मनकर्णिका, वय वर्षे सात. "मेलेल्या पोरीची खाट ही. माझीबी सातचीच हाय."

बिडवे सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. सलग दुसरी ड्यूटी, सुजलेले पाय आणि या पाटीवरून महिन्याभरातला तिसरा तंटा. वॉर्डात दुसरी खाट रिकामी नव्हती. सलाईन घेऊन ताटकळलेली शिकाऊ डॉक्टर पुटपुटली, "काढून टाका ना ती पाटी एकदाची."

रागावायचंही त्राण उरलं नव्हतं. सिस्टर खाटेच्या कडेवर टेकल्या.

"ती इथं नाही गेली गं. तेव्हा इथं तिच्या बापाची कापसाची वखार होती. अख्ख्या शहरात दवाखाना नव्हता. बैलगाडीतून दुसऱ्या गावी नेताना पोरीनं वाटेतच प्राण सोडला. मग बापानं वखार रिकामी केली आणि दहा खाटा मांडल्या. ही पहिली. या डॉक्टरीणबाई शिकतात ते कॉलेजही पुढं त्यातूनच उभं राहिलं."

"मंग ती ह्या खाटेवर न्हाई मेली?"

"खाट नव्हती म्हणून मेली."

आईनं पाटीवरचं नाव पुन्हा एकदा जुळवत वाचलं. मग तिनं पदरानं गादी झटकली आणि लेकीला अगदी कडेला निजवलं.

"मधे घे, पडेल ती," सिस्टर म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "दोघी पोरी मावतील."