दोन किलोच्या वर

तिसऱ्या पायरीवर बादली हातातून सुटली. पाणी जिन्यावरून खालच्या मजल्याच्या दारापर्यंत वाहत गेलं. कंपाउंडर उजवं मनगट पोटाशी धरून पायरीवरच बसला. खालच्या मजल्यावरचे मास्तर दार उघडून बाहेर आले.

"जिना धुवायची पाळी आमची होती," ते म्हणाले. मग त्याचा चेहरा बघून आत गेले आणि फडकं घेऊन आले.

चौदा आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या ओल्या पायरीवरून त्याचा पाय घसरला होता. मनगटाचा पार चुरा झाला. शस्त्रक्रिया करून आत पट्टी बसवली, सहा स्क्रू लावले. प्लास्टर निघालं तेव्हा तो हात त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. तेव्हापासून तो व्यायामाच्या मागे हात धुऊन लागला होता. गरम पाण्यात बोटं उघडायची, मिटायची. स्पंज पिळायचा. कळा यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी आकडा पूर्ण करायचा. हळूहळू शर्टाची बटणं जमली. बाटलीचं झाकण फिरायला लागलं. दवाखान्यात तो पुन्हा गोळ्या मोजून द्यायला बसला तेव्हा सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. पण त्याला गोळ्यांशी काय करायचं होतं? त्याला बायकोला उचलायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी एका अपघातात तिच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत पलंगावर, तोच तिला उचलून न्यायचा. दुपारी दवाखान्यातून घरी यायचा तो त्यासाठीच. मदतीला बाई ठेवू म्हटलं तर ऐकायचा नाही. त्याचा हात मोडला आणि तिला थोरल्या बहिणीकडे राहायला जावं लागलं.

तो रोज संध्याकाळी फोन करायचा. फोन घ्यायला तिला वेळ लागायचा आणि घेतला की धाप लागलेली ऐकू यायची. बहिणीचे दोन्ही गुडघे गेलेले. तिथे हिचं कोण करत असेल?

"बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. हात काय म्हणतोय?"

"सुधारतोय. तुला उचलायचंय म्हणून तर एवढं सोसतोय. नाहीतर कधीच सोडून दिलं असतं."

"घाई करू नका," ती म्हणायची.

मंगळवारी हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "बाकी सगळी कामं करा. पण दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. "मी दिवसांचं बोलत नाहीये."

त्या संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "डॉक्टर खूश आहेत. रविवारी न्यायला येतो तुला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरून जिन्यात आला. सुटली की पुन्हा भरायची. शनिवारपर्यंत ती एकदाही सातव्या पायरीच्या वर गेली नाही.

रविवारी तो बहिणीच्या घरी पोचला. बायको पलंगावर बसली होती, चाकांची खुर्ची पलंगाला लावलेली. तो तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हता. एक हात तिच्या पाठीमागून घातला, दुसरा गुडघ्यांखालून.

"अहो, जरा थांबा," ती म्हणाली.

तो थांबला नाही. तिला वीतभर वर उचललं आणि मनगटातून निघालेली कळ थेट खांद्यात गेली. हात उघडला. ती गादीवर आपटली आणि तो पलंगाशी गुडघ्यांवर आला.

"खोटं बोललो मी," तो गादीत तोंड खुपसून म्हणाला. "हा हात आता तुला कधीच उचलणार नाही. कसं होणार तुझं? काही सुचत नाही मला."

तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "जरा बाजूला व्हा."

पलंगाच्या कडेला एक गुळगुळीत फळी ठेवलेली होती. खुर्चीचा एका बाजूचा हात तिनं काढून ठेवला. फळीचं एक टोक मांडीखाली सरकवलं, दुसरं खुर्चीवर टेकवलं. मग दोन्ही मुठी रोवून अंग उचललं आणि चार बोटं सरकली. पुन्हा उचललं, पुन्हा सरकली. मध्येच तिचा तोल गेल्यासारखा झाला. तो पुढे धावला, तशी बहिणीनं त्याची बाही धरली. "हात लावू नका, भाऊजी. चिडते ती."

ती खुर्चीत पोचली. हातांनी एकेक पाय उचलून पायटेकणीवर ठेवला. केस तोंडावर आले होते, धाप लागली होती.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात. ताईला काही मला उचलता येईना. मग शिकले. आठ वेळा पडले."

"रोज फोन करत होतो मी," तो म्हणाला. "एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"रोज वाटायचं. पण तुम्ही म्हणायचात, तुला उचलायचंय म्हणूनच सोसतोय, नाहीतर सोडून दिलं असतं." तिनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "म्हटलं, हा बरा होईपर्यंत मी पांगळीच बरी."