सर्दीची चौकशी

डॉक्टर राठोडांनी मानोरा गावात उभी हयात होमिओपॅथीत घालवली. साध्या सर्दीलाही ते माणूस मुळापासून विचारून घेत. हाताखाली आलेला डॉक्टर मुलगा, अमरदीप, या चौकशीला पार विटला होता. "बाबा, सर्दीले एवढे सवाल कायले?" म्हणून रोज कुरकुरायचा.

त्या दिवशी तांड्यावरून कमलीबाई आपल्या बी.ए. झालेल्या, शिंकणाऱ्या नातीला, रीताला, घेऊन आल्या. डॉक्टरांनी सुरुवात केली. आंबट आवडते का गोड? राग आला तर भांडतेस, का गप्प बसतेस? अंधाराची भीती वाटते? स्वप्नं कशाची पडतात? रीता लाजत, मधेच शिंकत सगळं सांगत गेली.

कमलीबाईंनी हळूच नातीची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "पोरगी तं तुमी पुरी पाह्यली, डाक्टरसायेब. आता पोराले कवा दावता?"

डॉक्टर खो खो हसले. "मावशी, मी औषध पाहून राह्यलो, सून नाही!" म्हणत त्यांनी पेन खाली ठेवलं.

पडद्यामागे गोळ्यांच्या बाटल्या भरणाऱ्या अमरदीपनं डोकं बाहेर काढलं.

"बाबा, एवढ्यात काहून थांबले? अजून विचारा न."