शब्दांचं माहेर

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी केयाने विषय निवडला होता, हिंदी शब्दांची संस्कृत मुळं. तिला हे सगळं शिकवलं होतं तिच्या आईने, सुलेखाने, पोळ्या लाटता लाटता. दुग्धाचं दूध कसं झालं, हस्ताचा हाथ कसा झाला. "शब्दालासुद्धा माहेर असतं गं बाई," ती म्हणायची.

"कोच म्हणतात, स्पीचमध्ये काहीतरी सॅड हवं, तरच जजेस ऐकतात," फायनलच्या दिवशी केया कारमधून उतरताना म्हणाली. "तू मात्र आत येऊ नकोस हं आई, मी नर्व्हस होते."

पण सुलेखाला कुठलं राहवतंय! ती गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसली आणि फोन उंच धरून रेकॉर्ड करू लागली.

स्टेजवर केया इंग्रजीत सांगत होती, "हे शब्द हीच माझ्या आईची आठवण. मी आठ वर्षांची असताना ती वारली."

सगळं सभागृह हळहळलं. शेजारच्या बाईंनी आपले डोळे पुसले, सुलेखाच्या गालांवरचं पाणी पाहून तिलाही टिश्यू दिला.

"बिचारी पोर! तुम्ही कोण तिच्या?"

सुलेखाने फोन खाली घेतला.

"मी संस्कृत शिकवते तिला."