दोष मशीनचा

आप्पांनी बारीक नळी ओठांत धरून हळूच फुंकर मारली. आत कुठेतरी 'टक्' वाजलं. पुन्हा फुंकलं. पुन्हा टक्.

त्यांचा चेहरा उतरला. पाणी किती भरलं हे कपडे धुण्याच्या मशीनला कळतं ते या नळीतल्या हवेच्या दाबावरून. नळी तुंबली असती, चिरली असती, तर मशीन बिचारं पाणी घेतच राहिलं असतं आणि न्हाणीघरात पूर आला असता. हल्ली वरचेवर येत होता तसा. पण नळी धडधाकट होती.

मुलगा त्याच्या घरून निघाला होता. "मशीनमध्ये बिघाड निघाला तर प्रश्नच मिटला," तो फोनवर म्हणाला होता. "नाहीतर मग आईचंच आहे, आप्पा. आज तिला केंद्रात नेतो." विसरणाऱ्या माणसांना तिथे चांगलं सांभाळतात म्हणे.

"मग मीही येतो."

"तुम्हाला नाही घेणार. तुम्ही ठणठणीत आहात."

आप्पांनी नळी जागेवर बसवली आणि मागचं झाकण न लावताच मशीन सुरू केलं. पाणी चढू लागलं.

"जन्मभर अख्ख्या शहराच्या टाक्या भरल्यात," बायको दारातून म्हणाली, "आणि घरातलं एवढंसं मशीन आवरेना होय?"

"आवरतंय गं. तू फक्त हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? आळ घ्यायला टपलेलेच असता सगळे!"

बोलता बोलता ती आत आली, सांडपाण्याचा पाइप आकड्यावरून काढला आणि बादलीत सोडला. "फरशी पुसायला होईल. पाणी काय फुकट येतं?" आणि चहा टाकायला निघून गेली.

वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती. कपडे धुऊन झाले की शेवटचं पाणी बादलीत, मग पाइप परत आकड्यावर. पण आत्ता मशीन कुठे रिकामं होत होतं? ते भरत होतं. पाइप खाली आला तसं पाणी आपसूक बाहेर वाहू लागलं. मशीन वरून घेत राहिलं, खालून सोडत राहिलं. बादली भरली. काठावरून पाणी फरशीवर आलं, आप्पांच्या पायांखालून उंबऱ्याकडे निघालं. आप्पा जागचे हलले नाहीत. ती येईल, आत्ता येईल, म्हणून वाट पाहत राहिले.

"अहो, चहा घेणार का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"घेईन."

जरा वेळाने पुन्हा, तितक्याच मायेने, "अहो, चहा घेणार का?"

आप्पांनी तोटी बंद केली. पाइप आकड्यावर चढवला. तेवढ्यात बेल वाजली.

मुलगा विजार वर धरून न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. त्याच्यामागे ती.

"काय निघालं?"

"मशीन ठीक आहे."

मुलाने दीर्घ श्वास घेतला आणि आईकडे वळला.

"पाइप मी काढला होता," आप्पा घाईघाईने म्हणाले. "लावायचा राहिला. दर वेळी मीच."

"बघ!" ती म्हणाली. "आणि बोल लावता मला!"

मुलगा आप्पांकडे पाहतच राहिला. मग जवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हल्ली आईशी बोलायचा तशा समजावणीच्या आवाजात त्याने विचारलं, "आप्पा, आज वार कोणता, सांगा बरं?"

"अरे, त्यांना काय विचारतोस असलं!" ती म्हणाली आणि पदराने आप्पांचे ओले हात पुसू लागली.

मंगळवार होता. सकाळपासून आप्पाच तिला सांगत होते.

"शुक्रवार," ते म्हणाले.