झाकावीत

"आधी चित्र खरवडून काढ, मग भिंत चांगली भिजव," विहिरीवरून आणलेली बादली खाली ठेवत चर्चचा कारभारी वॉल्टर म्हणाला. "कोरड्या रंगावर चुना धरत नाही. चार हिवाळ्यांत पोपडे निघतील आणि संत पुन्हा हजर!"

मार्जरी चुना ढवळत राहिली. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा समोरचा संत क्रिस्टोफर तिच्या वडिलांनी रंगवला होता. सकाळी चर्चच्या दारातून त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, असं इंग्लंडातलं ते सगळं खेडं मानायचं. आता नव्या राजाला भिंतींवर संत नको होते.

"हुकूम वाचा पुन्हा," ती म्हणाली.

वॉल्टरने कागद उलगडला. "सर्व चित्रं चुन्याने झाकावीत."

"झाकावीत. खरवडावीत असं कुठे म्हटलंय? राजाच्या शब्दाबाहेर मी तसूभरही जाणार नाही. तुम्हाला जायचं असेल, तर ही घ्या थापी."

वॉल्टरने थापी हिसकावून घेतली आणि संताच्या पावलांवर टेकवली. मग त्याने वर पाहिलं. रोजच्या सवयीने त्याचा हात टोपीकडे गेला, आणि टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"झाक," तो म्हणाला. थापी त्याने तिच्या हातात परत दिली. मग भिंत भिजवायला आणलेली बादली उचलली आणि दाराबाहेरच्या गवतावर ओतून टाकली.