अस्मिताची तक्रार

पडद्यावर अस्मिताचं अक्षर आलं, तेव्हा आधी तिला बरंच वाटलं. अकरा महिन्यांत ते पत्र कोणी उघडून पाहिलं असेल असंही तिला वाटलं नव्हतं. आणि आज घाटकोपरच्या या सभागृहात, दीडशे माणसांसमोर, साळवी नावाचे पालिकेचे अधिकारी माइकवरून ते ठासून वाचत होते.

"माझ्या आईला पॅरालिसिसचा अटॅक आलेला असताना अडीच तास स्ट्रेचरवर पाडून ठेवलं. ड्युटीवरच्या सिस्टर सुलक्षणा पवार यांना मी पाच वेळा हाक मारली. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही."

पत्र संपलं. साळवींनी पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं की, लोकांच्या अशाच तक्रारींची दखल घेऊन टेकडीखालचं पालिकेचं हॉस्पिटल तीस वर्षांसाठी एका खासगी कंपनीला चालवायला देण्याचा प्रस्ताव आहे.

आपण ऐकलं ते खरंच का, हे अस्मिताला कळेना.

ती पवईच्या एका ऑफिसात नोकरीला होती. आई, वनमाला, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची. गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिताना आईच्या हातातून कप गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. अस्मिताने रिक्षा केली आणि आधी जवळचं खासगी हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉक्टरच्या आधी काउंटर लागला. डिपॉझिट भरल्याशिवाय पेशंटला आत घेता येणार नाही म्हणाले. तीच रिक्षा वळवून ती पालिकेच्या हॉस्पिटलात आली. तिथे पैसे कोणी मागितले नाहीत, पण जवळही कोणी फिरकलं नाही. स्कॅन होईपर्यंत उपचाराची वेळ टळून गेली होती. आई वाचली. उजवा हात मात्र गेला.

त्यानंतर अस्मिताने वरपर्यंत सगळ्यांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यात अचानक फोन आला, तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे, सुनावणीला या. ती हाफ डे टाकून आली होती.

आता ती उठली आणि माइक मागून घेतला. "हॉस्पिटल सुधारा, असं लिहिलं होतं मी. देऊन टाका असं कुठे लिहिलंय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळवी टाळ्या थांबेपर्यंत थांबले. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"ताई, एवढंच सांगा. तक्रार खरी आहे की खोटी? खोटी असेल तर आत्ता मागे घ्या. आम्ही रेकॉर्डमधून काढून टाकतो."

मागच्या रांगेत हॉस्पिटल बचाव समितीचे खंडू काका बसले होते. पुढे वाकून ते हळूच म्हणाले, मागे घे पोरी, एक कागद कमी होईल त्यांचा. अस्मिताला आईची शिलाई मशीन आठवली, झाकण घातलेली. ती स्ट्रेचरवरची आई खोटी होती असं कसं म्हणायचं? आणि खरं म्हटलं, तर उद्या तिथेही काउंटर लागणार होता. काहीही बोललं तरी हे तिच्याच तोंडून हवं ते काढून घेणार होते. रागाने तिचे कान तापले.

"खरी आहे," ती म्हणाली. "शब्द न् शब्द."

साळवींनी मान डोलावली आणि लिहून घ्यायला सांगितलं. खंडू काकांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक बाई पुढे आली. ड्युटीवरून तशीच आलेली, अंगावर हॉस्पिटलचा युनिफॉर्म. अस्मिताने तो चेहरा लगेच ओळखला. अकरा महिने ती मनातल्या मनात याच चेहऱ्याशी भांडत होती. आता इथे जुंपणार असं वाटून लोकांनी वाट करून दिली.

"सुलक्षणा पवार मीच," ती बाई साळवींना म्हणाली. "तक्रार खरी आहे. ह्या मला हाका मारत होत्या आणि मी गेले नाही. दोन वॉर्ड मिळून अठ्ठ्याऐंशी पेशंट होते, सिस्टर मी एकटी. पलीकडे एका बाईचा श्वास अडकला होता, तिला सोडून कशी येणार? रिकाम्या जागा भरा म्हणून मी त्याच्या दोन वर्षं आधीपासून अर्ज करतेय. ते पण लावा की पडद्यावर."

साळवी पहिल्यांदा चिडले. ही सुनावणी नागरिकांच्या तक्रारींसाठी आहे, म्हणाले, कर्मचाऱ्यांना इथे बोलता येणार नाही. या बोलल्या त्यातला एक शब्दही नोंदवू नका, असं त्यांनी लिहिणाऱ्याला बजावलं.

सिस्टर तिथेच उभी राहिली. अस्मिता तिच्याकडे बघत होती. तिचा राग गेला नव्हता. माइक अजून तिच्याच हातात होता.

"मग माझ्या पत्रात एक दुरुस्ती करा," ती म्हणाली. "सिस्टर सुलक्षणा पवार यांचं नाव मजकुरातून खाली घ्या. माझ्या सहीशेजारी."