मासा लागतो ती जागा

गाळ मांडीपर्यंत आला तेव्हा प्रशिक गजभियेने खिशातून फोन काढला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मे महिना होता. आणखी दीड-दोन तासांनी या उघड्या तलावात माणूस उभा राहू शकत नाही, हे त्याला माहीत होतं.

तलाव हिंगण्याच्या पलीकडे होता. पाणी निम्म्याहून खाली गेलं होतं. काठापासून पाण्यापर्यंतची जमीन वाळून भेगाळलेली दिसत होती. वाळला होता फक्त वरचा थर. खाली लोण्यासारखा गाळ होता. तासाभरापूर्वी पाण्याच्या दहा पावलं अलीकडे तो थर फुटला. उजवा पाय काढायला त्याने डाव्यावर भार दिला, आणि डावाही गेला. आता नुसता श्वास जोरात घेतला तरी बोटभर खाली गेल्यासारखं वाटत होतं. पाण्याची बाटली काठावर, पिशवीत राहिली होती.

फोन साधा, बटणांचा होता. मोठा फोन भिजेल म्हणून तो घरी ठेवून यायचा. आपण कुठे आहोत हे या फोनवरून पाठवता येत नव्हतं. तोंडानेच सांगावं लागणार होतं.

त्याने पियुषला फोन लावला. दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीत कामाला होते. दहा वर्षांपासून दोघांनाही गळाचा नाद होता. नागपूरच्या आसपास गळ टाकणारे असे पंधरा-वीस जण होते. मासा सगळ्यांना दाखवायचा, जागा कुणाला दाखवायची नाही, हा त्यांचा न ठरवलेला नियम. फोटो घरच्या फरशीवर काढायचा, म्हणजे मागचं झाड, पाळीचा बांध काही ओळखू येत नाही. कुणी विचारलं तर उलट्या दिशेच्या तलावाचं नाव घ्यायचं. प्रशिकने काल पियुषला रामटेक सांगितलं होतं. बायको प्रीतीलाही तेच. उद्या पोलिसांनी तिला विचारलं असतं तर तिने खरं समजून त्यांना रामटेकला पाठवलं असतं.

पियुषने फोन उचलला. त्याचा आवाज दबका होता.

"बोल बे. लागला का मोठा, रामटेकले?"

"पियुष, खोटं नाही बोलून राहिलो. मी गाळात फसलो आहो. मांडीपर्यंत."

मग त्याने जागा सांगितली. गावाचं नाव, वीटभट्टी, तिच्या मागची डावीकडची पायवाट, पाळीवरचा पिंपळ. चार वर्षं जपलेली जागा सांगायला अर्धं मिनिट पुरलं.

"मी उमरेडले आहो गा," पियुष म्हणाला. "दोन तास लागतील. हालू नको."

प्रशिकने मदतीच्या क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी तलावाचं नाव विचारलं. तलावाला नाव नव्हतं. त्याने पुन्हा गाव सांगितलं, वीटभट्टी सांगितली. गाडी निघते आहे, तासभर लागेल, फोन चालू ठेवा, असं त्या म्हणाल्या. फोनमध्ये एक काडी चार्जिंग उरलं होतं.

तो ओरडला. गाव दूर होतं. पाळीवर कुणी आलं नाही. पण पन्नास पावलांवरच्या बेशरमाच्या झुडपातून दोन बगळे भर्रकन उडाले आणि झुडूप हललं. वारा नव्हता.

प्रशिकने ओरडणं थांबवलं. या भागात रानडुकरं पाण्यावर येतात. मागच्या उन्हाळ्यात त्याने याच काठावर डुकराचे खूर पाहिले होते. तो मांडीपर्यंत गाळात होता, हात मोकळे होते आणि पळणं शक्य नव्हतं. तो झुडपाकडे बघत राहिला. झुडूप थांबलं. पुन्हा हललं. मग आतून फांद्या मोडल्याचा आवाज आला, एकामागून एक. प्रशिकने डोळे मिटून घेतले.

"पालथा पड," कुणीतरी म्हणालं. "पोहल्यासारखा."

पियुष होता. त्याच्या दोन्ही कवेत बेशरमाच्या हिरव्या फांद्या होत्या. त्याने त्या गाळावर आडव्या-उभ्या पसरल्या, स्वतः त्यांच्यावर पालथा झाला आणि सरपटत पुढे येऊन त्याने हात दिला. एक पाय सुटायला बराच वेळ लागला. दुसरा लवकर सुटला. दोन्ही चपला आत राहिल्या.

काठावर आल्यावर प्रशिकने बाटलीतलं सगळं पाणी एका दमात प्यायलं. त्याने मदतीच्या क्रमांकावर फोन करून आपण बाहेर निघाल्याचं कळवलं. फोन ठेवला तेव्हा पडद्यावरची वेळ दिसली. नऊ वाजून बावन्न मिनिटं. त्याने पियुषकडे पाहिलं.

"तू उमरेडले होता ना?"

पियुष गवताच्या मुठीने हात पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"नाही. सहा वाजल्यापासून इथंच आहो, त्या बेशरमात. तुह्या फोनच्या आधीच दिसून राहिला होता तू मले. वाटलं, निघशील आपला-आपला. निघाला असता, त मी इथं येतो हे तुले कळलं नसतं."

प्रशिकला शिवी द्यायची होती. पण गाळ घोट्यापर्यंत होता, तेव्हाही फोन त्याच्या खिशातच होता. जागा सांगावी लागेल म्हणून त्याने तो काढला नव्हता.